वाडा उतरवताना निघालेल्या वस्तू – ह्या कशाच्या, सांगा बरं

माळवद

आमचा अंबाजोगाईकडचा वाडा यंदा उतरवला. खांब, तुळया, लादणीच्या फळ्या, घडीव दगड असं जे विकण्याजोगं होतं त्याचा सौदा व्यापाऱ्यानं आधीच करून ठेवला होता. त्याला नको असलेल्या वस्तूंचा ढेलजेत ढीग लागला होता, तो मी घरी घेऊन आलोय. कोणती वस्तू कुठं सापडली ते जमेल तेवढं लिहून ठेवलंय. चुलत्यांना विचारलं तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन "जुनं हाय, ठेव" एवढंच म्हणतात.

आधी पाच फोटो टाकतो.

१) एका लाकडातून कोरलेली खोलगट वाटी. तोंड वीतभर रुंद, बुडाला तीन भोकं. कडेला पितळी पट्टी, बाहेरून वेलबुट्टी. व्यापारी म्हणाला, मेणबत्तीचं स्टँड आहे, वर सोडून देतो.

२) लाकडी, वीतभर लांब. मधे मुठीत मावेल इतकं बारीक, दोन्ही टोकांना गोल बोंडं.

३) लोखंडी कडं, त्याला लहान साखळ्या, प्रत्येक साखळीला वाकडे आकडे. आडाच्या बाजूच्या खोलीत होतं.

४) चामडी पट्टा, त्यातून खिळे आरपार ठोकलेले, टोकं बाहेर.

५) ह्या चार आहेत, चारही सारख्या. काळ्या, बुडाला सपाट, वर घुमटासारख्या, शेंड्याला बोंडी. वजन प्रत्येकी दोन किलोच्या पुढं. बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात कापडात बांधलेल्या होत्या.

हुरडापार्टी

एक नंबर चाडं आहे की ओ! मेणबत्ती कुठली लावलालाव त्यात. तिफणीचं, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या अवजाराचं, चाडं.

बीडकर पुण्यात

इकडं एका दुकानात हेच उलटं टांगून, आत बल्ब सोडून दिवा केलाय. तीन भोकांतून छतावर तीन कवडसे पडतात. किंमत ऐकून मी फक्त "छान आहे" म्हणालो.

मांजराकाठ

चाडंच आहे. भोकं तीन म्हणजे तिफण, चार असती तर चौफण. ह्या भोकांत वेळूचे नळे बसायचे, नळ्यांची खालची टोकं फणांच्या मागं. पुढं बैल, मागं चाड्यावर मूठ धरून चालणारा माणूस. आमच्याकडं बऱ्याच घरांत ही मूठ बाईची असायची, कारण हात सारखा चालला पाहिजे. मुठीतलं बी बोटांच्या फटींतून तिन्ही भोकांत सारखं पडायला हवं आणि तेही बैलांच्या चालीवर. बैल थबकले की मूठ थांबली पाहिजे, नाहीतर एका जागी बियाण्याचा ढीग नि पुढं हातभर उघडं रान.

खरी कसोटी वेगळीच. ओल जास्त असली की फणाच्या बुडाला माती चिकटून नळा तुंबतो. मूठ धरणाऱ्याचं लक्ष नसेल तर दोन तासांत, म्हणजे ओळींत, बी पडत राहतं आणि तिसरं तास कोरडंच जातं. त्या दिवशी कुणाला कळत नाही. उगवण झाली की सगळ्या शिवाराला दिसतं की अमक्याच्या रानात दर तिसरी ओळ गायब आहे! मग वर्षभर येता-जाता ऐकून घ्यायचं.

तुमच्या चाड्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवून बघा. भोकांच्या कडा बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या असतील तर ते पेरणीत राबलेलं चाडं आहे. नक्षी चांगली पण कडा करकरीत असल्या तर कुणीतरी शोभेसाठी नवं कोरलेलं आहे, तसलीही हल्ली बाजारात येतात. कुठलीही जुनी वस्तू ओळखायची तर आधी ती कुठं झिजली ते बघावं. आकार फसवतो.

माळवद

काका, बघितलं. दोन भोकांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत आहेत. तिसऱ्याची जरा कमी, आणि त्या बाजूला चीर गेली आहे, ती पितळी पट्टीनं आवळलेली दिसते. म्हणजे पट्टी शोभेची नसून दुरुस्तीची असावी.

मांजराकाठ

बरोबर. चाडं सहजासहजी फेकत नसत, तडा गेला तरी आवळून वापरत. वाड्यात एखादं सरतंही निघालंय का बघा. लांब नळा, वर लहानसं चाडं किंवा नुसतं रुंद तोंड. ते तिफणीच्या मागं दोरीनं ओढत न्यायचं, ज्वारीत ठरावीक ओळींवर तूर टाकायला. ते धरायला दुसरं माणूस लागायचं. आणि कपाशीची सरकी चाड्यातून नीट घरंगळत नाही, तंतू एकमेकांत अडकतात. म्हणून ती आधी शेणामातीच्या काल्यात घोळून, सुकवून, दाणा-दाणा सुटा करून घ्यायची.

हुरडापार्टी

काका, आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचा पण नळा तुंबतो, आणि ड्रायव्हर मागं बघत नाही. शिवाराला दिसायचं ते दिसतंच 😄

लोहारगल्ली

तीन नंबर: गळ. आडात पडलेली बादली, कळशी, घागर काढायचा. दोराला बांधून सोडायचा, तळाला लागला की हळूहळू गोल फिरवत राहायचा. एखादा आकडा कडीत किंवा काठात अडकला की हाताला जड लागतं. गल्लीत एकाकडंच असायचा, सगळे तोच मागून न्यायचे. कडं लवचिक साखळ्यांचं केलंय कारण सरळ दांड्याला आकडे मारले तर आडाच्या कपारीत अडकून बसतात. मग गळ काढायला दुसरा गळ!

चार नंबरबद्दल: धनगराच्या कुत्र्याचा पट्टा. लांडगा, बिबट्या मानेला धरतो, त्याला खिळे टोचावेत म्हणून.

गोठ्यातला

चार नंबर कुत्र्याचा नाही असं वाटतं. गोठ्यात सापडलाय का?

माळवद

हो, गोठ्याच्या खुंटीला होता.

लोहारगल्ली

कुत्रंही गोठ्यातच झोपतं की.

गोठ्यातला

म्हणूनच खिळे कुठं आहेत ते विचारतो. कुत्र्याच्या पट्ट्याला खिळे सगळीकडून लागतात, कारण लांडगा कुठूनही धरेल. दूध तोडायच्या वासराच्या म्होरकीला फक्त नाकावर येणाऱ्या भागात लागतात, आणि तिला कानामागं बांधायला दोन्ही टोकांना कड्या किंवा वाद्या असतात. वासरू चरू शकतं, पाणी पिऊ शकतं, पण आचळाला तोंड लावलं की गाईला खिळे टोचतात. गाय लाथ मारून बाजूला सरकते. वासराला मारायला माणूस लागत नाही, आईच करते ते काम.

माळवद

खिळे मधल्या चार बोटांतच आहेत, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या आहेत. आणि पट्टा एवढा आखूड आहे की मोठ्या कुत्र्याच्या मानेला पुरणारच नाही.

लोहारगल्ली

मग वासराची. पण धनगराच्या कुत्र्याचा तसला पट्टा असतो हे खरं आहे, बालाघाटात मेंढरांमागं हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात बघितलाय.

सासुरवाशीण

ज्यांच्याकडं म्होरकी नसायची ते गाईच्या आचळांना शेण लावायचे. धार काढायच्या आधी धुवायचं, झालं. खिळ्यांपेक्षा ते बरं वाटतं मला.

बीडकर पुण्यात

दोन नंबर डंबेल. वाड्यात तालमीचा शौक असणारच.

हुरडापार्टी

पोराचा खुळखुळा?

सासुरवाशीण

पापडाचं लाटणं म्हणायला जावं तर मधे बारीक आहे, पापड कडेला फाटेल. मसाला कुटायचं म्हणावं तर बोंडं गोल आहेत, नि कुटल्याची खूण नाही.

रजई

हे आमच्या घरातलं आहे, म्हणजे आमच्या धंद्यातलं. पिंजाऱ्याच्या धनुकलीला मारायची मूठ. मी नांदेडचा, माझे आजोबा पिंजारी.

धनुकली म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान. तिला जनावराच्या आतड्याची तात ताणून लावलेली. कमान डाव्या हातात किंवा वरून दोरीला टांगलेली, आणि उजव्या हातात ही मूठ. बोंडाची आतली बाजू तातेला अडकवून ओढायची नि एकदम सोडायची. तात थरथरते, ती थरथर कापसाच्या ढिगाला लावली की गाठी सुटून कापूस फुगतो, कचरा आणि धूळ खाली गळते. बोंड दोन्ही टोकांना एवढ्यासाठी की एक झिजलं की उलटं धरायचं. लाकूड जड आणि चिवट पाहिजे, नाहीतर तात ते महिन्याभरात कापून काढते.

मांजराकाठ काका म्हणाले तसं झिजलेलं बघायचं असेल तर बोंडाच्या आतल्या वळणावर भिंगातून बघा. तातेनं पाडलेल्या बारीक रेघा असणार, सगळ्या एकाच दिशेनं.

माळवद

मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघितलं. एका बोंडाला आतून कितीतरी रेघा आहेत, काही तर नख बसेल इतक्या खोल. दुसरं बोंड जवळजवळ कोरं. बाहेरून मात्र दोन्ही सारखीच चकचकीत, म्हणून मला काही कळेना. रजईभाई, आभार! पण आमच्या घरात कुणी पिंजारी नव्हतं, मग ही आली कुठून?

रजई

दिवाळीच्या आधी पिंजारी गावोगाव फिरायचे. मोठ्या वाड्यात गाद्या-लोड भरपूर, म्हणून ढेलजेतच मुक्काम पडायचा. काम संपेपर्यंत जेवण मालकाकडं. एखादी जादा मूठ राहून गेली असेल, किंवा पुढच्या साली लागेल म्हणून मुद्दाम ठेवली असेल. आजोबा तसं करायचे, धनुकली खांद्यावर आणि बाकीचं सामान ओळखीच्या घरी.

एक सांगतो, लोक दोन कामं एक समजतात. कापसातून सरकी काढायची ती रेच्यावर, त्यात दोन लाट, म्हणजे रूळ, एकमेकांच्या उलट फिरतात, कापूस मधून जातो, सरकी मागं राहते. पिंजायचं काम त्याच्या नंतरचं. आता गाद्यांचा कापूस मशीनवर पिंजतात, ते मशीन आमच्या घरीही आहे. तात बनवणारंच कुणी राहिलं नाही, धनुकली काय करणार.

मांजराकाठ

पाच नंबर बघून मला वजनं वाटतात. अडिसरी असावी. आमच्याकडं अडत्याच्या दुकानात दगडी अडिसरी होती.

माळवद

मलाही आधी तेच वाटलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातली. एक २ किलो ४० ग्रॅम, दुसरी २ किलो १०५, तिसरी २ किलो ६५, चौथी २ किलो ९० ग्रॅम.

निवृत्त तोलारी

मग वजनं नाहीत. पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे शेर ९३३ ग्रॅम. अडीच शेर झाले २ किलो ३३३ ग्रॅम. ह्यातली एकही त्याच्या जवळपास नाही. आणि एकाच मापाची चार वजनं कोण ठेवील? तागडीला संच लागतो: छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर, अडिसरी, पाचशेरी, असा चढता. शिवाय चारांमध्ये ६५ ग्रॅमचा फरक म्हणजे पाच तोळ्यांच्या वर. एवढी खोट बाजारात दुसऱ्याच दिवशी पकडली गेली असती. लोक काही भोळे नव्हते. चांदीचा कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, त्यामुळे शंका आली तर रुपये पारड्यात टाकून वजन ताडता यायचं. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला, त्यानंतर जुनी वजनं वितळवायला गेली.

धान्य तर वजनावर नसायचंच, मापावर असायचं. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, सोळा पायल्या एक मण. हा मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा. दोन्हींची गल्लत करून आजही वाटण्यांची भांडणं होतात, पण तो विषय वेगळा.

बीडकर पुण्यात

बुद्धिबळातली प्यादी. मोठ्या पटाची 😄 नाहीतर दरवाजा वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायची.

उदगीरवाला

चुंबक लावून बघा बरं. आणि बुडाकडच्या कोपऱ्यात ओला कापूस हलक्या हातानं फिरवा. चिंच, पितांबरी, राख, काही म्हणजे काही लावू नका. उत्तर मग देतो.

माळवद

चुंबक चिकटत नाही. ओल्या कापसावर नुसता काळा मळ आला. पण तिरक्या उजेडात धरल्यावर काळ्यावर काळ्याच वेली दिसतात, बोंडीखाली पाकळ्या आहेत. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही.

उदगीरवाला

मग ही बिदरी आहे आणि तुमच्याकडं पूर्ण जोड आहे, नशीबवान आहात! ह्याला मीरफर्श म्हणतात. बैठकीत गाद्यांवर पांढरी चादर किंवा जाजम अंथरलं की त्याचे चार कोपरे वाऱ्यानं, जाण्या-येण्यानं उचलू नयेत म्हणून कोपऱ्यांवर ठेवायची चार वजनं. म्हणून चार, म्हणून सारखी, म्हणून बूड सपाट नि वर धरायला बोंडी. तोलायचं कामच नसल्यानं चाळीस-पन्नास ग्रॅमच्या फरकाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मोगलांपासून निजामापर्यंत दरबारी बैठकीत हे असायचंच, दगडाचं, पितळेचं, बिदरीचं. आमचं उदगीर बिदरला अगदी लागून, त्यामुळं इकडच्या जुन्या घरांत बिदरीचे हुक्के, पानदान निघतात. मीरफर्श कमी बघायला मिळतात, आणि चारही एका जागी तर फारच कमी.

धातू म्हणजे जस्त, त्यात थोडं तांबं, साधारण सोळास एक. ओतून घडवायचं, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात वस्तू बुडवायची. जस्त काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. तुमच्याकडं पुढं चांदीही हवेनं काळवंडली, म्हणून काळ्यावर काळं दिसतंय.

घासू नका म्हणालो ते यासाठीच. चिंचेनं चांदी उजळेल, पण जस्तावरचा काळा थरही निघेल. मग राखाडी तुकडा हातात राहील. मऊ कापडावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन पुसा, पुन्हा पुन्हा, घाई न करता.

मांजराकाठ

वा! आमच्या अडत्याकडची मात्र खरी अडिसरी होती बरं का.

माळवद

तेलानं एकीवर पंधरा-वीस मिनिटं पुसलं. बोंडीजवळ चांदीची एक पाकळी दिसायला लागलीय. चुलते मघापासून "ठेव" म्हणत होते, आता "कपाटात ठेव" म्हणतात.

आणखी तीन वस्तू टाकतो.

६) हा वाड्यातला नाही, परभणीत भंगारवाल्याकडून मित्रानं घेतला. पोलादी गोळा, एका हाताच्या पंजात मावतो. त्यावर इंग्रजीत पिंगळी आणि मिरखेल कोरलंय.

७) पितळी वस्तू, बुडाला खडबडीत उभ्या-आडव्या रेघा, वर मोराची जोडी. हलवली की आत खडे वाजतात.

८) लाकडी फणी, एकाच बाजूला दाते, एकदम बारीक. चुलीच्या वरच्या माळ्यावर सूप-बुट्टीबरोबर होती.

पूर्णा जंक्शन

सहा नंबर! सहा नंबर!! हा रेल्वेचा गोळा. नीलचं बॉल टोकन.

मनमाड–सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाईन, १९०० च्या सुमारास सुरू झालेली. लाईन एकेरी. समोरासमोर दोन गाड्या एकाच तुकड्यात घुसू नयेत यासाठी नियम असा की ड्रायव्हरच्या हातात त्या तुकड्याचा गोळा असल्याशिवाय गाडी पुढं काढायची नाही. पिंगळी आणि मिरखेल ही परभणी–पूर्णा मार्गावरची लागून असलेली स्टेशनं. दोन्हीकडं एकेक यंत्र, दोन्ही यंत्रं तारेनं जोडलेली. पिंगळीचा मास्तर घंटीच्या खुणेनं मिरखेलच्या मास्तरला विचारणार, तो संमती देणार, तेव्हाच पिंगळीच्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडणार. तो बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रं बंद. गाडी मिरखेलला पोचली, गोळा तिकडच्या यंत्रात गेला, की मगच दुसरा निघू शकतो. नावं कोरायचं कारण हेच, चुकून भलत्या तुकड्याचा गोळा ड्रायव्हरनं घेऊ नये.

न थांबणाऱ्या गाडीला गोळा द्यायचा म्हणजे कसब. चामडी पाकीट, त्याला मोठं गोल कडं. पाकिटात गोळा. प्लॅटफॉर्मवर माणूस कडं उंच धरून उभा, इंजिनातून फायरमन हात बाहेर काढून खांद्यात कडं अडकवून घेणार आणि आधीचं कडं खाली टाकणार. वडील पूर्णेच्या शेडला होते. वाफेच्या दिवसांत रात्री पावसात हे करताना दंडावर वळ उठायचे.

नव्वदच्या दशकात इकडं ब्रॉडगेज झाली आणि मीटरगेजचं सामान भंगारात गेलं. तुमचा गोळा त्यातलाच असणार.

बीडकर पुण्यात

म्हणजे एकेकाळी हा गोळा हरवला असता तर गाड्या थांबल्या असत्या?

पूर्णा जंक्शन

थांबायच्याच. मग कागदी परवाना, चौकशी, जबाब. पंजात मावणाऱ्या गोळ्यासाठी मास्तर रात्रभर रुळाच्या कडेनं कंदील घेऊन हिंडल्याचं वडील सांगायचे.

तेरणाकाठ

सात नंबर वज्री आहे. अंघोळीत टाच, तळपाय घासायची. खडबडीत बाजू पायाला, मोर धरायला. आत खडे घालतात ते नुसते हौसेसाठी, घासताना छुमछुम वाजावं म्हणून. मोर, हत्ती, कासव, बाहुल्या, हवं ते वर बसवत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेलात तर वज्र्या मांडलेल्या दिसतील.

पण ही चाल पितळेच्या कितीतरी आधीची आहे. आमच्या तेरला शासनाचं रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू संग्रहालय आहे. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर दोन्हींची नावं येतात, तगरहून मलमल आणि साधं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं असं त्यात लिहिलंय. इथं १९५८ साली उत्खनन झालं. सातवाहन काळातल्या अशा गावांत भाजक्या मातीच्या वज्र्या सापडतात, वर खरबरीत रेघा तशाच. काळ्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या टाचा तेव्हाही भेगाळत असणार. संग्रहालयाला सवड काढून या, नुसत्या हस्तिदंती बाहुलीचे फोटो बघून परत जाऊ नका. मातीच्या किरकोळ वस्तूंच्या कपाटापाशी थांबलात तर निम्म्या वस्तू घरातल्याच वाटतील.

हुरडापार्टी

आठ नंबर उवांची फणी. हे तर कुणीही सांगेल.

सासुरवाशीण

कुणीही सांगेल, पण चुलीच्या माळ्यावर सुपाशेजारी उवांची फणी कोणती बाई ठेवील? 😄 माळवददादा, दात्यांच्या बुडाशी काय अडकलंय ते टाचणीनं काढून बघा.

माळवद

पांढरं, कडक. दगडासारखं वाळलंय. पाण्याचा थेंब टाकला तर चिकट झालं.

सासुरवाशीण

कणीक आहे ती. ही वळवटाची फणी. चैत्र-वैशाखात बायका एकत्र बसून वळवट करायच्या: गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटवे, फणुल्या. फणुलीला ही फणी. गव्हाच्या सोजीची कणीक घट्ट भिजवून चांगली कुटायची. तिची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घ्यायची, फणीवर ठेवायची, अंगठ्यानं दाबत पुढं सरकवायची. गोळी गुंडाळली जाते आणि पाठीवर दात्यांच्या रेघा उठतात. सावलीत वाळवून डब्यात भरायच्या, वर्षभर खीर. लग्नात रुखवतावर ह्यांची ताटं मांडायची, आणि रेघा कुणाच्या बारीक यावरून सासरकडच्या बायका मुलीच्या आईचं मोजमाप करायच्या.

फणी धुऊ नका, लाकूड फुगून दाते तुटतील. कोरड्या ब्रशनं झाडा.

तेरणाकाठ

रेघांचं कारण नुसतं दिसण्याचं नाही, खिरीत दूध त्या रेघांत धरून राहतं आणि फणुली आतपर्यंत शिजते. नुसती गोळी टाकली तर मधे कच्ची राहील.

सासुरवाशीण

बरोबर. आणि आतून पोकळ राहते म्हणून लवकर वाळतेही. आमच्या आत्या अजून करतात, पण नव्या प्लास्टिकच्या कंगव्यावर.

माळवद

शेवटचं. लोखंडाच्या पातळ चपट्या पट्ट्या, एका बाजूनं वाकड्या, प्रत्येकीला खिळ्यांची भोकं. डबाभर आहेत. गोठ्यातच होत्या.

लोहारगल्ली

बैलाच्या पत्र्या, म्हणजे नाल. घोड्याचा खूर एकसंध, म्हणून त्याला अर्ध्या गोलाचा एकच नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. डाव्या नि उजव्या अंगाच्या वेगळ्या असतात, वाकण बघून जोड्या लावा. डांबरी सडकेवर, खडीवर गाडी हाकणाऱ्या बैलांना लागायच्या, नुसत्या रानात चालणाऱ्याला गरज नाही. म्हणजे तुमच्या वाड्याची गाडी बाजाराला जात होती. बैल आडवा पाडून, पाय बांधून मारायच्या. भोकांच्या कडेला खिळ्याच्या माथ्याची खूण आहे का बघा. असेल तर वापरून काढलेल्या, नसेल तर नव्या कोऱ्या.

माळवद

बहुतेक कोऱ्या आहेत. सगळ्या फरशीवर मांडून जोड्या लावल्या, एक पट्टी जादा निघाली.

लोहारगल्ली

तिची जोडीदारीण एखाद्या बैलाच्या पायात गेली असंल. वाटेत एकच पत्री पडते, दोन्ही नाही.